एका क्रियाविशेषणाची दोन वर्षं

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ईस्ट मोलीन नावाचं गाव आहे. तिथल्या एका पोलाद कारखान्यात इग्नासिओ फ्लोरेस-फिगेरोआ नावाचा मेक्सिकन कामगार नोकरी करत होता. 2000 साली नोकरी मिळवताना त्याने खोटं नाव, खोटी जन्मतारीख आणि खोटा सोशल सिक्युरिटी नंबर (नोकरी-करासाठी अमेरिकी सरकार देतं तो ओळख क्रमांक) दिला, सोबत परदेशी नागरिकाचं एक बनावट नोंदणी कार्ड जोडलं. ते नंबर कुणाही खऱ्या माणसाचे नव्हते. 2006 साली त्याने मालकाला नवी कार्डं आणून दिली. तीही बनावटच, पण या वेळी त्यांवर त्याचं स्वतःचं खरं नाव होतं. नंबर मात्र असे निघाले की ते सरकारदरबारी दुसऱ्याच माणसांना दिलेले होते. मालकाने इमिग्रेशन खात्याला कळवलं, खात्याने पडताळणी केली आणि खटला उभा राहिला.

म्हणजे बघा, पहिल्या खेपेला नाव खोटं होतं तेव्हा नंबर कुणाचाच नव्हता. स्वतःच्या नावावर आला तेव्हा नंबर परक्याचा निघाला आणि गुन्हा वाढला.

बेकायदा प्रवेश आणि बनावट कागदपत्रांचा वापर हे आरोप होतेच, पण या प्रकरणातला वाद त्यांच्यावर नव्हता. वाद होता 2004 साली अमेरिकी संसदेने आणलेल्या एका कलमावर. ठरावीक गुन्हे करताना कुणी दुसऱ्याची ओळख वापरली, तर मूळ शिक्षेवर आणखी 2 वर्षं तुरुंगवास, असं ते कलम सांगतं. त्यातले कळीचे शब्द असे : ‘नोइंगली ट्रान्सफर्स, पझेसेस, ऑर यूझेस, विदाउट लॉफुल ऑथॉरिटी, अ मीन्स ऑफ आयडेंटिफिकेशन ऑफ अनदर पर्सन.’ थोडक्यात, कायदेशीर अधिकार नसताना दुसऱ्या व्यक्तीच्या ओळखीचं साधन ‘नोइंगली’ (ढोबळ अर्थ : माहीत असून) दुसऱ्याला देणं, बाळगणं किंवा वापरणं.

फ्लोरेस-फिगेरोआचं म्हणणं साधं होतं. कार्डं बनावट आहेत हे मला माहीत होतं, पण त्यांवरचे आकडे खऱ्याच कुणाचे आहेत हे मला माहीत होतं, असं सरकारने सिद्ध करायला हवं. सरकार म्हणालं, ते सिद्ध करायची गरजच नाही. ‘नोइंगली’ हा शब्द ‘वापरतो’ या क्रियापदाला लागतो. फार तर ‘ओळखीचं साधन’ इथपर्यंत पोचतो. ‘दुसऱ्या व्यक्तीचं’ या शेवटच्या तुकड्यापर्यंत तो जात नाही. खालच्या न्यायालयाने सरकारचं ऐकलं, आठव्या सर्किटच्या (सर्किट म्हणजे अपील न्यायालयाचा विभाग) अपील न्यायालयानेही तेच उचलून धरलं. देशभरातली सहा अपील न्यायालयं तोवर या एका शब्दावर तीन विरुद्ध तीन अशी विभागली गेली होती. अखेर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

मी इंग्रजी कागदांचे मराठी अनुवाद करते. करारनामे, प्रतिज्ञापत्रं, अर्ज, हमीपत्रं. हे प्रकरण मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कायद्यापेक्षा त्या क्रियाविशेषणाने मला धरून ठेवलं, कारण असा शब्द माझ्या टेबलावर आठवड्यातून दोनदा तरी येतो आणि मी तो कित्येक वर्षं ‘जाणूनबुजून’ असा टाकून पुढे जात होते.

तर मग करून बघू. ‘जो कोणी जाणूनबुजून दुसऱ्या व्यक्तीचे ओळखसाधन वापरील.’ वाचायला ठीक वाटतं. आता शब्द सरकवू : ‘जो कोणी दुसऱ्या व्यक्तीचे ओळखसाधन जाणूनबुजून वापरील.’ मराठीत क्रियापदाला चिकटून जे बसतं त्यावर जोर येतो. इथे जोर वापरण्यावर गेला, ‘दुसऱ्या व्यक्तीचे’ हे मागे पडलं, आणि सरकारी वकिलाला हवं ते वाक्य जवळजवळ तयार झालं. शिवाय ‘जाणूनबुजून’मध्ये मुद्दामपणाचा, थोडा खोडसाळपणाचा रंग आहे, तो मूळ शब्दात नाही. ‘जाणीवपूर्वक’ लिहावं तर आजकाल वर्तमानपत्रांत ते चांगल्या कामांनाही लावतात : जाणीवपूर्वक प्रयत्न, जाणीवपूर्वक वाचन. ‘माहीत असूनही’मध्ये तो ‘ही’ आगाऊ दोष देतो. तेव्हा उरतं एकच : ‘जो कोणी, ते ओळखसाधन दुसऱ्या व्यक्तीचे आहे हे माहीत असताना, ते वापरील.’ हे वाक्य स्वच्छ आहे. पण ते लिहिताना मी अनुवादक राहत नाही, न्यायाधीश होते. मूळ इंग्रजीत जे मिटलेलं होतं ते मी उघडून दाखवलं.

ही मिटलेली गोष्ट म्हणजे एक आख्खं नामवाक्य आहे, नामाचं काम करणारं गौण वाक्य. शाळेत आपण मिश्र वाक्य शिकलो : प्रधान वाक्य, गौण वाक्य, आणि त्यांना जोडणारं स्वरूपबोधक उभयान्वयी अव्यय, म्हणजे ‘की’. इंग्रजीत त्या जागी ‘दॅट’ येतो. ‘नोइंगली’च्या पोटात ‘नो’ हे क्रियापद आहे, आणि ‘नो’ला नेहमी विचारावंसं वाटतं : काय माहीत? ‘दॅट’ काय? ‘क्विकली’ला हा प्रश्न पडत नाही. ‘ही क्विकली एट अ सँडविच विथ चीज’ या वाक्यात चीजशी ‘क्विकली’चा काडीचा संबंध नाही. तो खाण्याच्या वेगाबद्दल बोलतो आणि थांबतो. ‘क्विकली’च्या जागी ‘नोइंगली’ घाला, की तो खाण्यापाशी थांबत नाही, सरळ सँडविच उघडून आत काय आहे ते बघतो.

चीज सँडविचचं उदाहरण माझं नाही, ते निकालपत्रातलंच आहे. 4 मे 2009 रोजी निकाल लागला. नऊही न्यायमूर्तींचा कौल फ्लोरेस-फिगेरोआच्या बाजूने पडला. न्यायालयाचं मुख्य मत न्यायमूर्ती स्टीफन ब्रायर यांनी लिहिलं, आणि मला त्यात सगळ्यात भावलं ते हे की कायद्याच्या जुन्या निवाड्यांच्या आधी ते रोजच्या बोलण्यातल्या वाक्यांकडे वळले. बँकेचा अधिकारी म्हणाला, ‘स्मिथ नोइंगली ट्रान्सफर्ड द फंड्स टु हिज ब्रदर्स अकाउंट’, तर आपण काय समजतो? खातं भावाचं आहे हे स्मिथला माहीत होतं, असंच समजतो. नंतर तोच अधिकारी म्हणाला की खातं भावाचं आहे हे स्मिथला ठाऊकच नव्हतं, तर आपण चकित होऊ. लहान मुलाने ‘नोइंगली’ भावंडाचं खेळणं घेतलं, तर आपण काहीतरी घेतोय, ते खेळणं आहे आणि ते भावंडाचं आहे, या तिन्ही गोष्टी त्याला माहीत होत्या असं आपण धरतो.

आणखी एक उदाहरण तर मी शिकवणीत वापरावं इतकं छान आहे. स्मिथने तेगुसिगाल्पा या शहरी बँकेचा ड्राफ्ट पाठवला. ते शहर होंडुरासची राजधानी आहे. आता ‘स्मिथने होंडुरासच्या राजधानीत ड्राफ्ट पाठवला’ एवढंच म्हटलं तर स्मिथच्या भूगोलाबद्दल काही कळत नाही. ती राजधानी आहे हे बोलणाऱ्याला माहीत आहे, एवढंच. पण त्या वाक्यात ‘नोइंगली’ घातला, की स्मिथला भूगोल येतो असं आपण सांगून बसतो. एका शब्दाने वाक्यातलं ज्ञान बोलणाऱ्याच्या डोक्यातून काढून कर्त्याच्या डोक्यात नेऊन ठेवलं.

सरकारचंही एक उदाहरण होतं : ‘जॉन नोइंगली डिस्कार्डेड द होमवर्क ऑफ हिज सिस्टर.’ सरकारचं म्हणणं, फेकून दिलेला गृहपाठ बहिणीचा आहे हे जॉनला माहीत होतं असं या वाक्यातून निघेलच असं नाही. ब्रायर यांचं उत्तर असं की निघेलच असं नाही हे कबूल, पण माणसं बोलतात तेव्हा त्यातून निघतं ते तेच. माझ्या मते आख्ख्या प्रकरणाचा जीव या उत्तरात आहे. व्याकरणात काय बसू शकतं आणि ऐकणारा काय समजतो, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कायदा वाचून माणसाने वागायचं असतं, म्हणून दुसरा प्रश्न मोठा.

मी इथे माझी एक भर घालते, कारण ती मला निकालपत्रापेक्षाही पक्की वाटते. वाक्य उलटं करून बघा. ‘ही अननोइंगली एट अ सँडविच विथ चीज.’ मराठीत : त्याने नकळत चीज असलेलं सँडविच खाल्लं. त्याला काय कळलं नव्हतं? आपण खातोय हे त्याला नक्की माहीत होतं, तो काही झोपेत नव्हता. सँडविच आहे हेही हातात दिसत होतं. कळलं नव्हतं ते फक्त चीज. म्हणजे नकार थेट शेवटच्या तुकड्यावर जाऊन बसला. आता, ‘कळत’ या शब्दाची पोच जर क्रियापदापाशीच संपत असती, तर ‘नकळत’ला त्या शेवटच्या तुकड्याला हात लावता आला नसता. तो लावतो, याचाच अर्थ होकारातही तो तिथवर जातो. होकारात सगळंच माहीत असावं लागतं, आणि त्यातलं एक जरी माहीत नसलं की ‘नकळत’ झालं. मराठी कानालाही हे लगेच पटतं, त्यासाठी इंग्रजीत मुरलेलं असायची गरज नाही.

‘नो’ या क्रियापदाचा आणखी एक गुण इथे कामाला येतो. ‘ही न्यू दॅट’ म्हटलं की ‘दॅट’नंतरचं खरं धरलं जातं, आणि ‘ही डिडन्ट नो दॅट’ म्हटलं तरी ते खरंच राहतं. नंबर दुसऱ्याचा आहे हे त्याला माहीत होतं किंवा नव्हतं, नंबर दुसऱ्याचाच. ‘थिंक’चं तसं नाही. ‘त्याला वाटलं की नंबर दुसऱ्याचा आहे’ यावरून नंबर कुणाचा ते ठरत नाही. म्हणूनच या प्रकरणात नंबर कुणाचे यावर कुणी भांडलं नाही. भांडण होतं ते या सत्याचा त्या माणसाला पत्ता होता का, यावर.

इंग्रजी बोलताना ‘दॅट’ सर्रास गळतो. ‘से’, ‘थिंक’, ‘नो’ या रोजच्या क्रियापदांनंतर तर ऐकूही येत नाही. आपला ‘की’ही गळतो : ‘मला माहीत होतं तो येणार नाही.’ पण मराठीकडे दुसरी एक सोय आहे, जी इंग्रजीकडे अशी सहज नाही. ‘तो येणार नाही हे मला माहीत होतं.’ आधी माहीत असलेल्या गोष्टीची पुडी बांधायची, ‘हे’ म्हणून तिला गाठ मारायची, आणि मग माहीत असणाऱ्याच्या हातात द्यायची. पुडीत काय काय घालायचं ते आधीच ठरवावं लागतं, गाठ मारल्यावर बदलता येत नाही. क्रियाविशेषणात पुडी दिसतच नाही, म्हणून भांडण होतं.

अशी वाक्यं गिळून बसलेली क्रियाविशेषणं इंग्रजीत बरीच आहेत. ‘ऑब्व्हिअसली ही लेफ्ट’ म्हणजे तो गेला हे उघड आहे. ‘रिपोर्टेडली’ म्हणजे असं कळतं की. यांच्यात मात्र उलटं होतं : क्रियाविशेषण मिटलेलं प्रधान वाक्य असतं आणि उरलेलं आख्खं वाक्य त्या ‘दॅट’च्या मागे जातं. आपला ‘म्हणे’ नेमका हाच. ‘तो आला म्हणे.’ लोक म्हणतात की तो आला, एवढं सगळं तीन शब्दांत, आणि जबाबदारी लोकांवर. इतका सुंदर शब्द इंग्रजीला नाही, असं मला मनापासून वाटतं.

पुन्हा न्यायालयात येऊ. सरकारची एक अडचण खरी होती : माणसाच्या डोक्यात काय होतं ते सिद्ध करणं कठीण. ब्रायर यांनी दाखवून दिलं की ओळख चोरीच्या नेहमीच्या प्रकारांत ते तितकं कठीण नसतं. दुसऱ्याच्या कचऱ्यातून कागद उचकणारा, कुणाच्या संगणकात घुसणारा, बँकेतून बोलतोय असं सांगून माहिती काढणारा, याला ती माहिती दुसऱ्या जिवंत माणसाची आहे हे माहीत असतंच, म्हणून तर तो ती घेतो. न्यायमूर्ती स्कालिया यांनी वेगळं मत लिहिलं, न्यायमूर्ती थॉमस त्यांच्यासोबत होते. न्यायमूर्ती अलिटो यांनीही आपलं वेगळं लिहिलं. हा शब्द दरवेळी, प्रत्येक कायद्यात शेवटपर्यंत जातोच असा कडक नियम कुणी करू नये, संदर्भ बघावा, ही त्यांची काळजी मला योग्य वाटते. पण याच प्रकरणात त्यांनी सरकारच्या अर्थातली एक विचित्र गोष्ट नेमकी पकडली. मनाने रचलेला नंबर जर योगायोगाने कुणाचा निघाला तर 2 वर्षं जास्त, नाही निघाला तर काही नाही. करणाऱ्याने केलं तेच, आणि शिक्षा सोडतीसारखी. फ्लोरेस-फिगेरोआची 2000 सालची कार्डं आणि 2006 सालची कार्डं शेजारी ठेवली की हे डोळ्यांना दिसतं.

या शब्दाची किंमत आधी कुणी मोजली तेही सांगितलं पाहिजे. 12 मे 2008 रोजी आयोवा राज्यातल्या पोस्टव्हिल गावी मांस कारखान्यावर धाड पडली आणि 389 कामगार पकडले गेले. बहुतेक ग्वाटेमालाचे, त्यांतल्या अनेकांची मातृभाषा माया कुळातली, स्पॅनिशही दुसरी भाषा. वॉटरलू शहरात गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानावर तात्पुरती न्यायालयं मांडली गेली. आयोवा त्याच आठव्या सर्किटमध्ये येतं, जिथे ‘नोइंगली’ क्रियापदापाशीच थांबतो असं मानलं जात होतं. त्यामुळे सरकारी पक्षाच्या हातात 2 वर्षांचं कलम होतं : सौम्य गुन्हा कबूल करा, नाहीतर हे लावतो. सुमारे 270 जणांनी पाच महिन्यांची कैद पत्करली. तिथे दुभाष्याचं काम केलेले एरिक कामाय्द-फ्रेक्सास यांनी नंतर त्याबद्दल जाहीर लिहिलं, अमेरिकी संसदेच्या समितीपुढे साक्षही दिली. सोशल सिक्युरिटी नंबर म्हणजे काय हेच यांतल्या अनेकांना कळलेलं नव्हतं, असं त्यांचं सांगणं होतं. दुभाषी माणूस सहसा स्वतःच्या आवाजात बोलत नाही, ती कामाची शिस्तच आहे. त्यांनी ती मोडली याबद्दल मला आदर वाटतो. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला तेव्हा त्या पाच महिन्यांच्या शिक्षा भोगून संपल्या होत्या.

आपल्याकडच्या जुन्या कायद्याने ही पुडी उघडीच ठेवली होती. 1860 सालच्या भारतीय दंड संहितेचं कलम 411, चोरीचा माल घेण्याबद्दलचं. तिथे एकटं क्रियाविशेषण टाकून सोडून दिलेलं नाही. तो माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, असं पूर्ण लिहिलं आहे. काय माहीत असायला हवं ते शब्दांत आहे, त्यावर वाद घालायला जागा नाही. अनुवाद करणाऱ्याला असं वाक्य मिळालं की हायसं वाटतं.

हे वाचल्यानंतर काही दिवसांतच शेजारचे काका विम्याचा इंग्रजी अर्ज घेऊन आले. शेवटी सहीच्या वर वाक्य होतं : ‘आय हॅव नॉट नोइंगली विदहेल्ड एनी मटेरियल इन्फर्मेशन.’ माझी बोटं सवयीने ‘मी कोणतीही महत्त्वाची माहिती जाणूनबुजून लपवलेली नाही’ असं टाइप करायला गेली आणि थांबली. ‘मटेरियल’ हा तुकडा इथे ‘ऑफ अनदर पर्सन’च्या जागी बसलेला होता. माहिती माहीत असणं पुरे, की ती महत्त्वाची आहे हेही माहीत असायला हवं?

मी काकांना दोन्ही वाक्यं वाचून दाखवली. ‘मला माहीत असलेली कोणतीही महत्त्वाची माहिती मी मागे ठेवलेली नाही.’ आणि ‘महत्त्वाची आहे हे मला माहीत असलेली कोणतीही माहिती मी मागे ठेवलेली नाही.’

काका दुसरं वाक्य ऐकून जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “अगं, मी रोज सकाळी ती बीपीची अर्धी गोळी घेतो. एवढीशी तर असते. ती काय महत्त्वाची, असं मला वाटलं.”

“कधीपासून घेताय काका?”

“झाली की सहा-सात वर्षं.”

आजारांच्या रकान्यात त्यांनी ‘नाही’ लिहिलेलं होतं. ते खोडलं, शेजारी सही केली, आणि गोळीचं नाव पाकिटावरून बघून एकेक अक्षर नीट लिहिलं. मग खालची सही.